लातूर-धाराशिवच्या व्यापाऱ्यांना आणि पतसंस्थांना खुलं पत्र: तुमच्या कॅलेंडरावर ३० सप्टेंबर छापा

लातूर, औसा, निलंगा, उमरगा, लोहारा इकडचे सगळे किराणा, कापड, सोनं-चांदी, खत-बियाणं दुकानदार, पतसंस्थांचे चेअरमन साहेब, क्लासेसवाले सर आणि दिवाळी झाली की गिऱ्हाइकाच्या हातात कॅलेंडर, डायरी, पिशवी ठेवणारे तुम्ही सगळेजण,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही जे फुकट वाटता त्याच्याबद्दल लिहायचंय. तुमच्या लेखी तो जाहिरातीचा खर्च असतो, सीएच्या वहीत एक ओळ, आणि जानेवारी उलटला की तुम्ही ते विसरूनही जाता, साहजिक आहे. पण ती वस्तू घरी आल्यावर तिचं काय होतं ते तुम्हाला कधी दिसत नाही, म्हणून एका कॅलेंडराची गोष्ट सांगतो आणि मग माझं मागणं सांगतो. पत्र लांबलंय, पण वाचा.

आमचं गाव किल्लारीपासून चालत तासाभराच्या वाटेवर. १९९३ च्या गणपतीत मी दहा वर्षांचा, पाचवीत होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, विसर्जन उरकायला रात्र झाली, लेझीम खेळून पाय दुखत होते, घरी जायचा कंटाळा आला म्हणून दादा (आम्ही वडलांना दादा म्हणतो) म्हणाले पड की हितंच, आणि आम्ही दोघं मारुतीच्या देवळापुढच्या मोकळ्या जागेत सतरंजीवर झोपलो. माय, आजी आणि माझी बारकी बहीण घरी होत्या. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात जे झालं ते तुम्हाला माहीतच आहे, निदान तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना तरी. तिघीही गेल्या. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही, मला जमत नाही.

घर आमचं इकडच्या सगळ्यांसारखंच होतं. दोन-अडीच फूट रुंद दगडाच्या भिंती, दगडांच्या मधे नुसती माती, वर माळवद, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी गळू नये म्हणून माळवदावर पांढऱ्या मातीचा अजून एक थर. पिढ्यानपिढ्या असं माती चढवत चढवत वर किती ओझं झालं होतं त्याचा हिशोब कुणीच केला नव्हता, उन्हाळ्यात घर गार राहतं एवढंच सगळे कौतुकानं सांगायचे. भिंती गेल्या. पण आतले लाकडी खांब, म्हणजे खणाचा सांगाडा, बऱ्याच घरांत वाकडातिकडा का होईना उभा राहिला होता, आमच्याही घरात एक खांब उभा होता. आणि त्या खांबाला खिळ्यावर कॅलेंडर होतं.

गावातल्याच किराणा दुकानाचं कॅलेंडर. वर लक्ष्मीचं चित्र, मधे पानं, खाली दुकानाचं नाव, मालकाचं नाव, "सर्व प्रकारचा किराणा व भुसार माल योग्य दरात मिळेल" आणि दोन आकडी फोन नंबर. माय डेअरीला म्हशीचं दूध घालायची, सकाळ-संध्याकाळचा आकडा ती त्या चौकटीत पेन्सिलीनं लिहायची. २९ च्या चौकटीत सकाळचा अडीच आहे आणि खाली संध्याकाळचा दोन. ३० गुरुवार, चौकट रिकामी. दादांनी तिसऱ्या दिवशी ते कॅलेंडर खांबावरून काढलं आणि शर्टाच्या आत घातलं कारण पाऊस लागला होता.

मायचा फोटो नाही आमच्याकडं. लग्नातला एक होता तो सापडला नाही. तिचं अक्षर फक्त त्या कॅलेंडरावर आहे, जानेवारी ते सप्टेंबर, तेसुद्धा अक्षर कमी आणि आकडेच जास्त. मधेच कुठं "पेंड आणली", कुठं "वासरू", मार्चमध्ये एका ठिकाणी माझं नाव आणि पुढं "ताप". एवढीच माझी माय माझ्याकडं लिहिलेली आहे, आणि ती एका दुकानदारानं फुकट दिलेल्या कागदावर आहे.

काही वर्षांपूर्वी कागद फार पिवळा पडला, घड्या फाटायला लागल्या म्हणून मी आणि दादा लातूरला एका फ्रेमवाल्याकडं घेऊन गेलो. पोरगा चांगला होता, काम मनापासून करणारा, त्यानं बघितलं आणि म्हणाला काका खालची जाहिरात कापून टाकतो, मस्त दिसंल. दादा एकदम म्हणाले, "न्हाई न्हाई, ती ऱ्हाऊ दे. त्येचंबी तेवढंच राहिलंय."

खरंच तेवढंच राहिलंय. त्या दुकानदाराच्या घरातलं कुणी वाचलं नाही. दुकान गेलं, वखार गेली, उधारीच्या वह्या गेल्या, गाव नव्या जागेवर गेलं तेव्हा नव्या गावात त्या नावाचं दुकान कुणी काढलंच नाही. त्या माणसानं डिसेंबरमध्ये गिऱ्हाईक टिकावं म्हणून जे छापून घेतलं ते आज त्याच्या घराण्याचा एकमेव छापील पुरावा आहे आणि तो आमच्या हॉलमध्ये लावलाय. आमच्याकडं येणारा पाहुणा विचारतो, किराणा दुकानाचं कॅलेंडर फ्रेम करून लावलंय होय, आणि मग दादा त्याला सगळं सांगतात, आणि सांगताना आधी त्या दुकानदाराचं नाव घेतात, त्याच्या गुळाचं कौतुक करतात, मग आमच्या घरावर येतात.

हे लिहितोय कारण आपल्यात एक समज आहे की जाहिरातीची वस्तू म्हणजे हलकी, तिच्यात माया कसली. मला हे पटत नाही. आपल्याकडं तर भांड्यावर नाव घालून देण्याचीच रीत आहे, लग्नात दिलेल्या घागरीवर, डब्यावर, ताटावर "यांचेकडून सप्रेम भेट" असं कोरून घ्यायचं. भूकंपात याच नावांनी काय काम केलं ते ऐका. गावाचा नुसता ढिगारा झाला होता, गल्ली कुठली, घर कुठलं काही कळत नव्हतं, मोठी माणसंसुद्धा स्वतःचं घर ओळखू शकत नव्हती, तेव्हा दगडाखालून पितळेची घागर निघाली की लोक तिच्यावरचं नाव वाचायचे आणि म्हणायचे, हे अमक्याचं घर, म्हणजे इथं पाच माणसं आहेत, इथं खणा. लग्नातल्या आहेराच्या भांड्यांनी पत्ता सांगितला आम्हाला.

आणि नंतर मदत आली. कुठून कुठून आली. महाराष्ट्रभरातून, देशातून, परदेशातून. पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो तेव्हा मला एक स्टीलचं ताट मिळालं होतं, त्याच्यावर लांबच्या कुठल्यातरी मंडळाचं नाव कोरलेलं होतं. बारावीपर्यंत मी त्याच ताटात जेवलो. जेवताना रोज ते नाव वाचायचो, आजही झोपेत विचारलं तरी सांगेन, त्या मंडळातल्या एकाही माणसाला मी कधी बघितलं नाही. नाव घातलं म्हणून देणाऱ्याची माया कमी झाली असं मला कधीच वाटलं नाही, उलट वाटायचं की कुणीतरी आहे. तेव्हा तुमचा शिक्का, तुमचा लोगो याला माझा विरोध अजिबात नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो.

विरोध दुसऱ्या गोष्टीला आहे. २०२३ ला भूकंपाला तीस वर्षं झाली. त्या आठवड्यात माझ्या मोबाईलवर एका दुकानाचा मेसेज आला, "३० वर्षे, ३० टक्के सूट", वर काळ्या पट्टीत श्रद्धांजली आणि खाली मिक्सर आणि कुकरचे फोटो. नाव लिहीत नाही, त्या माणसाला लाजवायचं नाहीये, त्यानं मुद्दाम काही वाईट केलं असंही मी म्हणत नाही, बहुतेक एखाद्या तिशीच्या आतल्या पोरानं डिझाईन केलं असेल ज्याला तो आकडा कुठून आला हेसुद्धा नीट माहीत नसेल. पण मी तो मेसेज दादांना दाखवला नाही. पहिल्यांदाच त्यांच्यापासून काहीतरी लपवलं. गिफ्ट देताना त्याच्या मागं माणूस असतो, सूट देताना फक्त निमित्त असतं, आणि आमच्या घरातल्या तीन बायका कुणाच्या सेलचं निमित्त नाहीत. एवढं मला सरळ सांगायचं होतं.

आता मागणं.

तुमच्या पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरात सप्टेंबरच्या पानावर ३० तारखेच्या चौकटीत छापा: "किल्लारी भूकंप, १९९३, पहाटे ३.५६". बास, एवढंच.

मी घरातली, नातेवाइकांची, दुकानांतली, जिथं जाईन तिथली कॅलेंडरं बघतो, सवयच लागलीय. संकष्टी असते, पंचक असतं, पुढाऱ्यांचे वाढदिवस असतात, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो, तो असायलाच पाहिजे. तेरा दिवसांनी ३० येते आणि तिथं काही नसतं. चेअरमन साहेब, तुमच्याकडं त्या दिवशी अर्धवार्षिक हिशोब असतो हे मला माहीत आहे, स्टाफ रात्री उशिरापर्यंत बसतो. त्याच दिवशी किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी माणसं जमतात, सास्तूरला, गुबाळला, मंगरूळला, तळणीला, लिंबाळ्याला घरोघरी आठवण असते. आमच्याकडं तर दर वर्षी घोळ होतो, तारखेनं करायचं का तिथीनं, कारण भूकंप झाला आणि लगेच पुढं पितृपक्ष लागला, त्या वर्षी पितरं जेवू घालायला कितीतरी घरांत कुणी उरलंच नव्हतं.

ही काही एका तालुक्याची गोष्ट नव्हती हो. आठ ते दहा हजार माणसं गेली, आकडा कुणाचा धरता त्याच्यावर आहे. बावन्न गावं उचलून नव्या जागी बसवावी लागली. दख्खनचं पठार म्हणजे टणक, इथं मोठा भूकंप होणारच नाही असं तोपर्यंत समजलं जायचं, आपला भाग नकाशावर सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात होता, त्यानंतर देशाचा भूकंपाचा नकाशा बदलला आणि लातूर तिसऱ्या झोनमध्ये आलं. पुढं २००१ ला कच्छमध्ये झालं तेव्हा पुनर्वसन कसं करायचं याचा विचार करताना आपल्याकडचा अनुभव लोकांसमोर होता. जपानमध्ये १९२३ च्या भूकंपाची तारीख, १ सप्टेंबर, आजही देशभर पाळतात, त्या दिवशी शाळेतली पोरं टेबलाखाली बसायची प्रॅक्टिस करतात. आपल्याकडं लातूर शहरात क्लासला येणाऱ्या पोरांना मी विचारलंय, किल्लारी म्हटलं की काय आठवतं, तर बरीचशी गप्प. पोरांचा दोष नाही त्याच्यात, कुठं दिसतच नाही तर त्यांना कळणार कुठून. धडा एकदाच वाचून होतो. कॅलेंडर रोज डोळ्यापुढं असतं, भात शिजेपर्यंत माणूस उभ्या उभ्या तेच वाचत असतो.

दुसरं मागणं थोडं विचित्र वाटेल. चौकटी मोठ्या ठेवा आणि रिकाम्या ठेवा. हल्ली एकेका चौकटीत इतकं भरलेलं असतं, राशी, मुहूर्त, वर तुमच्या स्कीमची आठवण, की बाईला दुधाचा आकडा लिहायला जागा राहत नाही. तुम्ही म्हणाल आता मोबाईलवर लिहितात. काही लिहितात, पण तुमच्या खेड्यातल्या गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बघा, गॅसची टाकी कधी लावली, बचत गटाचा हप्ता कधी भरला, गाय कधी दाखवली, सगळं अजून भिंतीवरच आहे.

याचं अजून एक कारण आहे. भूकंपाच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्या भागात जमीन हलत होती. भांडी वाजायची, कौलं सरकायची, लोक घाबरून बाहेर झोपायचे, मग थांबलं आणि सगळे परत आत गेले. १८ ऑक्टोबरला त्यातला मोठा हादरा बसला होता. मला चांगलं आठवतंय की मायनं त्या वर्षीच्या कॅलेंडरावर दुधाच्या आकड्याशेजारी "हादरा" असं लिहून ठेवलं होतं, एकदा नाही, बऱ्याच वेळा. शाळा जेमतेम चौथी झालेली बाई, तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं आपलं आपण लिहिलं, वासराची तारीख लिहावी तसं. वर्ष संपल्यावर ते कॅलेंडर फाडून मी वह्यांना कव्हरं घातली. ऑक्टोबरचं पान माझ्या गणिताच्या वहीला होतं. ती वही ढिगाऱ्यातच राहिली. ते पान आज माझ्याजवळ असतं तर मी काय केलं असतं माहीत नाही, पण ते नाहीये याची टोचणी जात नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या सोयीनं बघा, सक्ती कशाचीच नाही. कॅलेंडराची मागची बाजू बऱ्याचदा कोरी असते, नाहीतर रेल्वेचं टाईमटेबल असतं जे आता कुणी बघत नाही. तिथं घर बांधताना काय बघायचं ते साध्या भाषेत छापा. जोत्याच्या आणि खिडकी-दारांच्या वरच्या पातळीला सलग काँक्रीटचा पट्टा, दगडी भिंत असेल तर दोन्ही बाजू बांधून ठेवणारे आरपार लांब दगड, कोपऱ्यात सळई, छपरावर माती नको. नव्या गावठाणात जी घरं मिळाली ती मजबूत होती, पण कुटुंबं वाढली, पोरांची लग्नं झाली, आणि आता त्याच घरांना चिकटून लोक परत जमेल तशा खोल्या काढतायत, मिस्त्री म्हणेल तसं, मी डोळ्यांनी बघतोय. सिमेंट-लोखंडाचे व्यापारी हे पत्र वाचत असतील तर हे तुमच्यासाठी खास आहे. गिऱ्हाईक तुमच्याकडंच येतं, इंजिनिअरकडं जात नाही. तुम्ही पेन देता, टोप्या देता, मिस्त्र्यांना टी-शर्ट देता, त्या टी-शर्टाच्या पाठीवर कंपनीच्या नावाखाली "पट्टा घातला का?" एवढे तीन शब्द टाका. मिस्त्री भिंतीवर उभा असेल आणि खालून मालक ते वाचेल.

आणि कृपा करून ३० तारखेच्या चौकटीत स्वतःचं नाव टाकू नका. नाव खाली असू दे, जिथं नेहमी असतं तिथं, मोठ्या अक्षरात असू दे, फोन नंबरासकट. ते कुणी कापणार नाही. आमच्या दादांनी तरी नाही कापू दिलं.

दसऱ्यापासून कॅलेंडरवाले एजंट सॅम्पलच्या फायली घेऊन दुकानोदुकानी फिरतात, बऱ्याचजणांचा माल शिवकाशीहून छापून येतो, आणि एकदा ऑर्डर गेली की मजकुरात बदल करता येत नाही हे मला एका ओळखीच्या एजंटानं सांगितलंय. म्हणून आत्ताच लिहितोय. मजकूर काय टाकायचा, शुद्धलेखन कसं, हे पाहिजे असेल तर मी लिहून देतो, त्याचे पैसे नकोत. छापून आल्यावर तुमचं एक कॅलेंडर तेवढं आम्हाला द्या. दादा आता पंचाहत्तरीला आलेत, नजर अधू झालीय, पण सप्टेंबरचं पान काढून भिंगानं बघतील, आणि खाली दुकान कुणाचं आहे ते मोठ्यानं वाचतील.

तुमचा,
किल्लारीच्या बाजूचा एक गिऱ्हाईक